मुखवट्याची उलटी बाजू

(वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

‘बाईचं कौशल्य आणि त्याचं मोल’ या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं. मी गेली एकतीस वर्षं शिवणाचा क्लास चालवते. तेव्हा ब्लाउज, गोधड्या, फार तर बचत गटाच्या पिशव्या यांच्याबद्दल मी बोलेन, अशी तुमची अपेक्षा असणार. पण गेल्या वर्षभरात मी केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे एक हेल्मेट. रबरासारखी चटई कापून केलेलं. ते कुणासाठी केलं, कसं केलं आणि ते करताना माझ्या मनात काय उलटसुलट चाललं होतं, तेच आज सांगते. विषयाला धरून आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझी भाची सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते. तिला कॉस्प्लेचा नाद आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणींना हा शब्द नवा असेल. सिनेमा, चित्रकथा, व्हिडिओ गेम यांतल्या एखाद्या पात्राचा हुबेहूब वेश करायचा, त्याची हत्यारं-अवजारं करायची आणि अशा हौशी लोकांच्या मेळाव्यात ते घालून मिरवायचं, म्हणजे कॉस्प्ले. इंग्रजीतल्या कॉस्च्युम आणि प्ले या दोन शब्दांची मोडतोड करून जपानमध्ये हा शब्द झाला. १९८३ च्या सुमारास नोबुयुकी ताकाहाशी या लेखकाने तिथल्या ‘माय ॲनिमे’ मासिकातून तो चालू केला. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत कॉमिक कॉन भरतं, तिथे याच्या स्पर्धाही होतात.

आपल्याला शब्द नवा, गोष्ट जुनी. आपण तिला सोंग म्हणतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगं नाचवतात. कोकणात दशावतार आहे, त्यातली बाईसुद्धा परंपरेने पुरुषच होतो. सोंग घेणारा पुरुष, आणि बघायला आणि मागचं आवरायला बायका, अशी आपली वाटणी. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेचं मात्र उलटं आहे. आदल्या रात्री अकरा वाजता पुठ्ठ्याची ढाल आणि बेगडाची तलवार करत कोण बसतं, ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. बक्षीस पोराला मिळतं, फोटोत बाबा असतात.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्याला दोघं जण भविष्यकाळातल्या माणसांचा वेश करून आले. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस. दोन्ही पोशाख मर्टलने बेतले, तिनेच शिवले. आणि पहिला कॉस्प्ले करणारा म्हणून वर्षानुवर्षं नाव छापलं गेलं ते ॲकरमनचं. अलीकडे काही अभ्यासकांनी मर्टलचं नाव पुढे आणलंय. भाचीने मला हे सांगितलं तेव्हा मी मशिनवरच होते. मी म्हटलं, यात नवल ते काय? आमच्या लाइनीत हेच चालतं. मास्टर म्हणून नाव त्याचं, हातशिलाई आणि काजं-बटणं गल्लीतल्या बायकांची.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी भाची अशाच एका मेळाव्याला गेली होती. एका जपानी मालिकेतल्या शाळकरी मुलीचा वेश केला होता. प्लेट्सचा आखूड स्कर्ट होता, तो मीच शिवून दिला होता. तिथे फोटो काढण्याच्या निमित्ताने एकाने तिच्या कमरेत हात घातला आणि तो हात तिथे थांबला नाही. गर्दी होती, कॅमेरे रोखलेले होते, तिने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं. तिथे काही बोलली नाही, घरी आल्यावरही नाही. चार महिन्यांनी माझ्याकडे आली, कटिंगच्या टेबलावर बसली आणि म्हणाली, “मावशी, यंदा मला असं काहीतरी करायचंय की ज्यात मी दिसणारच नाही.”

मी कारण विचारलं तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

मैत्रिणींनो, मी तुमच्यापासून लपवत नाही, मला दोन गोष्टींचा राग आला. एक त्या माणसाचा, आणि दुसरा तिच्या त्या वाक्याचा. आपण सगळ्यांनी छेडछाडीच्या विरोधात मोर्चे काढलेत. चूक कपड्यांची नाही, चूक हात लावणाऱ्याची, हे गळा सुकेपर्यंत ओरडून सांगितलंय. परदेशातही या लोकांनी हेच म्हटलं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये दारातच मोठाले फलक लावले होते, की वेश म्हणजे संमती नव्हे. आणि माझ्या घरची मुलगी मला सांगतेय की मला झाकून टाक! मी तिला म्हटलं, “तू झाकून घेतलंस म्हणजे तो जिंकला.” तिने शांतपणे उत्तर दिलं, “मावशी, मला भाषण नकोय, मला हेल्मेट हवंय.”

मग तिने मोबाइलवर ते पात्र दाखवलं. सॅमस एरन तिचं नाव. ‘मेट्रॉइड’ नावाच्या खेळातली. निन्टेंडो कंपनीने हा खेळ १९८६ साली जपानमध्ये काढला. नायक एकटा परग्रहावर उतरतो, भुयारांतून फिरतो, विचित्र प्राण्यांशी लढतो. अंगात नखशिखांत चिलखत, डोक्याला हिरव्या काचेचं हेल्मेट, उजव्या हाताच्या जागी तोफ. इंग्रजी माहितीपुस्तकात त्याचा उल्लेख ‘तो’ असाच केला होता. आणि खेळ भराभर संपवला तर शेवटी हेल्मेट उतरतं आणि आत बाई निघते! त्या काळी पोरं म्हणे थक्क झाली होती.

मला हे ऐकून फार आवडलं. पण भाचीने पुढचंही सांगितलं. पाच तासांच्या आत खेळ संपवला तर हेल्मेट उतरतं. आणखी लवकर संपवला तर चिलखतही उतरतं. आणि एका तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत उभी राहते. म्हणजे ग्रहच्या ग्रह वाचवणारी बाई, आणि खेळणाऱ्याला बक्षीस म्हणून तिचं अंग. एकाच खेळात आपलं सगळं शहाणपण आणि सगळा मूर्खपणा. मी म्हटलं, चल, करू या.

तिच्या घरी कटकट झाली. एवढे पैसे, एवढे रविवार या पोरखेळात घालवायचे? तिचा भाऊ दर पावसाळ्यात मोटरसायकलवर लडाखला जायचे बेत करतो, त्याचं जॅकेट, त्याचे बूट, त्याचं हेल्मेट, त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. असो.

सामानापासून सांगते, कारण तुमच्यातल्या काही जणी नक्की विचारतील. चिलखत लोखंडाचं नसतं. ईव्हीए नावाचा फोम असतो. लहान मुलांच्या खोलीत अक्षरांचे तुकडे जोडून चटई करतात ना, तोच. चपलांच्या तळव्यालाही तो वापरतात. जाड दहा मिलिमीटरचा, बारीक कामाला पाचचा आणि दोनचा. परदेशी लोक गरम पाण्यात किंवा हवेत मऊ होणारं एक प्लॅस्टिक वापरतात, पण ते इथे मागवायचं म्हणजे पगार संपला. आमचा सगळा खर्च पावणेपाच हजारांत बसला. यात मजुरी धरलेली नाही. तिच्याकडे मी नंतर येते.

हेल्मेटचा खाका कसा काढायचा, इथे आमचं पहिलं घोडं अडलं. भाचीने इंटरनेटवरून एक तयार खाका उतरवला होता, तो कुणा सहा फुटी गोऱ्या माणसाच्या डोक्याचा असावा, बादलीसारखा झाला. मग आम्ही तिच्याच डोक्याचा साचा काढला. स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लॅस्टिक डोक्याला गुंडाळलं, नाकतोंड अर्थात मोकळं ठेवून. त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर. त्यावर मार्करने रेघा मारल्या, एक मधली, बाजूच्या दोन-दोन, कानापाशी एक. मागून कात्रीने चीर देऊन ती टोपी अलगद काढली आणि रेघांवरून कापून तुकडे सपाट केले.

ते तुकडे टेबलावर पसरले आणि मी हसायलाच लागले. कारण ते मला ओळखीचे होते. ती कटोरी होती! सपाट कापडाला गोलाई आणायची तर एक त्रिकोण काढून टाकायचा आणि त्याच्या दोन कडा जोडायच्या, हे मी एकतीस वर्षं मुलींना शिकवतेय. टक्स म्हणजे तेच, कटोरी म्हणजे तेच, प्रिन्सेस कटची कळी म्हणजे तेच. छाती असो, टाळू असो, सपाटाचं गोल करण्याचं गणित एकच. हे ज्या पुरुषांनी शोधून काढल्यासारखं व्हिडिओत सांगितलं होतं, त्यांनी एकदा माझ्या क्लासात यावं. ब्लाउज बेतणं म्हणजे बायकी काम, आणि तेच गणित फोमवर केलं की अभियांत्रिकी!

फरक आहेत, नाही असं नाही. कापडाला आपण माया ठेवतो, शिवणीच्या आत दोन्हीकडून अर्धा इंच, उद्या अंग सुटलं तर उसवून सैल करायला. फोमला माया नसते. कडेला कड भिडवायची, आणि जिथे कोन हवा तिथे कड तिरकी कापायची. तिरकं चुकलं की फट दिसते. पातं बोथट झालं की फोम कापला न जाता कुरतडला जातो, म्हणून दर दोन-चार तुकड्यांनी कटरचं टोक मोडून नवं घ्यायचं. आणि कापडाला जाडी जवळजवळ नसते, फोमला असते. हे मी विसरले. पहिलं हेल्मेट बाहेरून सुरेख झालं आणि भाचीच्या कानापर्यंत येऊन अडकलं. दहा मिलिमीटर या बाजूने, दहा त्या बाजूने, आतली जागा तेवढी कमी झाली होती. चूक शंभर टक्के माझी. वीस तासांचं काम गेलं. ते हेल्मेट आता शेजारच्या दुसरीतल्या मुलाकडे आहे, त्याला बरोबर बसतं.

चिकटवायला चपला दुरुस्त करणारे वापरतात ते पिवळं सोल्युशन. दोन्ही कडांना लावायचं, आठ-दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग कडा भिडवायच्या. एकदा भिडली की हलवता येत नाही, टाचणी नाही, कच्चा टाका नाही. याचा वास वाईट, आणि नुसता वाईट नाही, घातक. दारं-खिडक्या बंद करून हे काम कुणी करू नका. आम्ही गॅलरीत बसत होतो, तोंडाला गाळणीचा मास्क लावून. चपलांच्या कारखान्यांत पोरं-बायका दिवसभर याच वासात बसतात, त्यांची आठवण मला त्या गॅलरीत पहिल्यांदा नीट झाली, हे कबूल करते.

आकार बसला की गरम हवेचं यंत्र, हीट गन, फिरवायचं. फोमची छिद्रं मिटतात, पृष्ठभाग किंचित चकाकतो, आणि गरम असताना वाकवून थंड होईपर्यंत धरलं की तो बाक कायम राहतो. केस वाळवायच्या यंत्राने हे होत नाही, तेवढं तापत नाही. ते घ्यायला आम्ही दोघी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्या मागे पाहिलं आणि विचारलं, “मिस्त्री बाहेर आहेत का?” भाची म्हणाली, “आम्हीच मिस्त्री.” त्याने यंत्र दिलं, पण कसं धरायचं ते तीनदा सांगितलं. त्यावर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचे चार हात, मग ॲक्रिलिक रंग. हेल्मेट लाल, हातपाय नारिंगी-पिवळे, तोफ हिरवी.

खांद्यांनी आमचा जीव काढला. सॅमसचे खांदे म्हणजे दोन मोठे गोळे, डोक्याएवढे. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. पहिल्या खेळात चिलखताचा बदल रंगाने दाखवला होता. १९९१ चा दुसरा भाग गेमबॉय या हातातल्या यंत्रासाठी होता आणि त्याला रंगच नव्हते. मग फरक कळावा म्हणून खांदे फुगवले. एका यंत्राला रंग नव्हते म्हणून तीसेक वर्षांनी डोंबिवलीत दोन बायका डोकं धरून बसल्या.

फोमचे गोळे जड आणि महाग पडत होते. तेव्हा मला आजी आठवली. तिच्याकडे कागद आणि मेथीच्या टोपल्या असायच्या, भिजवलेला कागद, वाटलेली मेथी, मडक्यावर थापून वाळवायच्या. मेथीने चिकटही होतं आणि कीडही लागत नाही. आम्ही फुगवायचा मोठा चेंडू आणला आणि त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कांजीच्या खळीत मेथीपूड घालून लावल्या, सहा थर. मधे दोन दिवस पाऊस लागला, वाळेना, पंख्याखाली ठेवले. मग चेंडूची हवा सोडली आणि गोळा कापला. दोन्ही खांदे मिळून वजन किलोच्या आत. तिकडे स्पर्धेत लोक म्हणाले, हे कुठलं आधुनिक मटेरियल? भाचीने सांगितलं, मेथी. त्यांना थट्टा वाटली.

हाताची तोफ म्हणजे पाण्याच्या मोठ्या बाटलीचा मधला भाग, वरून फोम, आत धरायला कपाटाची मूठ, टोकाला बॅटरीवरचे हिरवे दिवे. हे भाचीने एकटीने केलं, मी त्यात हात घातला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुखवट्याच्या आत माणूस असतं आणि ते श्वास घेतं. हिरव्या काचेला आम्ही पारदर्शक प्लॅस्टिक फाइल वापरली, ती पाच मिनिटांत वाफेने आंधळी झाली. भांड्याच्या साबणाचा पातळ थर आतून लावून कोरड्या फडक्याने पुसला, तेव्हा वाफ धरणं कमी झालं. वर कानामागे कॉम्प्युटरमधला बोटभर पंखा बसवला, मोबाइलच्या पॉवर बँकवर चालणारा. तरी खाली बघता येत नाही, पायरी दिसत नाही, ऐकू कमी येतं. म्हणून मुखवटाधारी कॉस्प्लेला एक साथीदार लागतोच, हात धरायला, पाणी द्यायला. आणि दुसरी गोष्ट जी एकाही व्हिडिओत नव्हती, कारण ते व्हिडिओ पुरुषांचे होते. आठ तास चिलखतात राहायचं तर लघवीला जायचं कसं? सगळ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे भाचीने सहज सांगितलं, जसं आपण प्रवासात करतो तसंच. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवावी लागली, त्यातल्या काही जणी इथे बसल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. मी तिला म्हटलं, तू पाणी पिणार आहेस. आणि कमरेचा भाग वरच्या भागापासून सुटा केला. बॅगेला असतात तसली दाबायची बक्कलं, बाजूला वेल्क्रो. मांडीचे तुकडे आतल्या पट्ट्यावर लोंबते. घड्याळ लावून पाहिलं, काढून परत घालायला सहा मिनिटं. माझ्या मते संपूर्ण पोशाखातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच आहे आणि ती बाहेरून दिसत नाही.

या कामात जवळजवळ पाच महिन्यांचे रविवार गेले आणि आमचं बोलणं चालूच होतं. मी पुन्हा पुन्हा तिथेच यायची. तू लपतेयस का? एकदा ती वैतागून म्हणाली, “वेल्डिंग करणारी बाई तोंडावर ढाल धरते, तिला विचारतेस का लपतेस म्हणून? सॅमसला तिच्या कामासाठी लागतं ते.” मी गप्प बसले. मला पूर्ण पटलं होतं असं नाही. वेल्डिंगची ठिणगी कुणी मुद्दाम टाकत नाही.

मग मीच आठवून पाहिलं. न्यूयॉर्कमध्ये १९८५ पासून गोरिला गर्ल्स नावाचा चित्रकार बायकांचा एक गट आहे. गोरिलाचे मुखवटे घालून त्या संग्रहालयांच्या विरोधात पोस्टरं लावायच्या. भिंतींवर बायकांची नग्न चित्रं किती आणि बायकांनी काढलेली चित्रं किती, हे मोजून दाखवायच्या. मुखवटा का, तर आपल्या चेहऱ्यांवर, वयावर चर्चा न होता मुद्द्यावर व्हावी म्हणून. हे आपल्याच एका शिबिरात मी ऐकलं होतं आणि टाळ्या वाजवल्या होत्या. मग भाचीचा मुखवटा मला का टोचत होता? कदाचित त्या अमेरिकेत होत्या आणि ही माझ्या मांडीवर वाढली, एवढंच कारण असेल.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळच्या लोकलने निघालो. तोफ गोधडीत गुंडाळलेली, खांदे दोन गोणपाटाच्या पिशव्यांत. लेडीज डब्यात एकीने विचारलं, “रामलीलेचं आहे का हो? रावण?” मी म्हटलं, रावण नाही, बाई आहे. “मग एवढे मोठे खांदे?” डब्यात हसू झालं आणि दोघींनी उठून खांद्यांना जागा दिली.

तिथे आत जाऊन पोशाख चढवला आणि पहिल्या तासात मी जे पाहिलं ते खरं तसं सांगते. तिच्याभोवती पोरांचा घोळका जमला, आणि ते पोशाखाकडे बघत होते. तिरक्या कडांकडे, रंगाच्या छटांकडे, दिव्यांकडे. “भाई, हा फोम किती एमएमचा?” “भाई, एक फोटो.” सगळे तिला भाई म्हणत होते. अदबीने दोन हात लांब उभं राहून फोटो काढत होते, विचारून. ती मान हलवून हो म्हणायची. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

मग तिने पाणी प्यायला हेल्मेट काढलं. तिचे केस खाली आले. एक जण ओरडला, “अरे, लडकी है!” पाच मिनिटांत प्रश्न बदलले. कुणी करून दिलं? कुठून विकत आणलं? फोम किती एमएमचा हे परत कुणी विचारलं नाही. आणि हेल्मेट पुन्हा चढवल्यावर एकाने तिच्या छातीवरच्या पत्र्यावर, म्हणजे फोमवर, दारावर टकटक करावी तशी टकटक केली. मित्रांना दाखवायला, की बघा, आत आहे का. दहा मिलिमीटर फोम होता. तिला लागलं नाही. या वेळी ती मोठ्याने बोलली, “हात काढ.” हेल्मेटच्या आतून आवाज घुमून आला. साथीदार म्हणून तिच्या ऑफिसातला एक मुलगा आला होता, तो मधे पडायला निघाला, तिने तोफेनेच त्याला थांबवलं. तो टकटक करणारा गेला. मी आयोजकांच्या टेबलावर जाऊन तक्रार दिली. त्यांनी नाव लिहून घेतलं, माझं.

स्पर्धेच्या आधी परीक्षक एका बाजूच्या खोलीत काम जवळून बघतात. एक परीक्षक खांद्यावर बोट ठेवून त्या साथीदार मुलाला विचारू लागले की हे जोडकाम कसं केलंस. बिचारा म्हणाला, “सर, मी फक्त पाण्याची बाटली धरतो.” मग त्यांनी भाचीला विचारलं, आणि ती अर्धा तास बोलली असती, पण प्रत्येकाला चारच मिनिटं होती.

रंगमंचावर सूत्रसंचालकाने तिचं नाव घेतलं आणि म्हणाला, आता हेल्मेट काढ, चेहरा दाखव. प्रेक्षकांतून ओरडा सुरू झाला, काढ, काढ. त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही, हेल्मेटवाल्या पुरुषांनाही असं म्हणतात. पण मला तो खेळ आठवला, लवकर संपवला की बक्षीस मिळणारा. मला वाटलं, ही काढणार. तिने नाही म्हणून मान हलवली. मग डावा खांदा बक्कल दाबून सोडवला, उलटा केला आणि आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर भलं मोठं दिसलं, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मी शिवलेलं कॉटनचं अस्तर, अस्तराची धावदोऱ्याची शिलाई. ब्लाउज कसा शिवलाय ते आतून बघतात, हे वाक्य मी क्लासात हजारदा म्हटलं असेल. तिने ते कुठे साठवून ठेवलं होतं कोण जाणे. ओरडा जरा थांबला. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींना काही कळलं नाही. बक्षीस मिळालं नाही. पहिला आलेला पोशाख खरोखर चांगला होता, पंख उघडमीट करणारा. तो दोन भावांनी मिळून केला होता.

आता मजुरी. लोक विचारतात, खर्च किती आला, आणि आपण सामानाचा आकडा सांगतो. मी क्लासातल्या मुलींना वही ठेवायला लावते तशी याचीही वही ठेवली होती. भाचीचे एकशे बेचाळीस तास. माझे अठ्ठ्याहत्तर, वाया गेलेलं हेल्मेट धरून. ब्लाउजच्या शिलाईच्या दराने माझे तास मांडले तरी सामानाच्या कितीतरी पट होतात. भाचीने ती वही पाहिली आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मावशी, तो आधीचा स्कर्ट शिवलास, त्याचे पैसे मी तुला कधी दिलेच नाहीत.” मी म्हटलं, घरातल्याचे कसले पैसे. आणि ते बोलता बोलताच जीभ चावली. तीस वर्षं मी दुसऱ्या बायकांना जे बोलू नका म्हणून सांगत आले, तेच बोलले होते. तिने पैसे दिले, मी घेतले, पावती फाडली.

यंदा तिने अजून काही ठरवलेलं नाही. मध्ये एकदा म्हणाली, तो प्लेट्सचा स्कर्ट आहे ना, तो नीट इस्त्री करून ठेव. मी ठेवलाय.

हेल्मेट मी बरोबर आणलंय, मागच्या टेबलावर आहे, शेजारी कटोरीचं पेपर कटिंगही ठेवलंय. जेवणाच्या सुट्टीत हातात घ्या, उलटं करून आतून बघा, कुणाला घालून बघायचं असेल तर आधी अंबाडा सोडा. फक्त काच बोटाने पुसू नका, साबणाचा थर जातो.